अखंड चालू : ११०४ दिवस

रायमो तिर्कोनेनला शेजाऱ्याचं चांगलं झालेलं सहन होत असे. अगदी मनापासून सहन होत असे. अट एवढीच, की ते त्याच्या डोळ्यांसमोर होऊ नये. आणि ओस्मो वेप्सालाइनेनचं जे काही व्हायचं ते नेमकं डोळ्यांसमोर व्हायचं, कारण ओस्मोचं दार बरोबर रायमोच्या दारासमोर होतं.

ओस्मोची होडी रायमोच्या होडीपेक्षा दीड फूट लांब होती. ते रायमोने पचवलं. सोसायटीच्या तळघरातल्या सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, शनिवार संध्याकाळ सहाची वेळ ओस्मोकडे होती. कुओपिओ गावात अशी वेळ कुणी मेल्याशिवाय किंवा घर विकल्याशिवाय रिकामी होत नाही, आणि ओस्मोला ती एका दंतवैद्याच्या मरणाने अलगद मिळाली होती. रायमोकडे शुक्रवार सात होती. शुक्रवार सात काही वाईट नाही. शुक्रवार सात काही वाईट नाही, असं रायमो एकोणीस वर्षं स्वतःला सांगत आला होता. तेही त्याने पचवलं.

पचला नाही तो एक आकडा.

झालं असं, की पूर्वी सौनाचा कागद कपडे धुण्याच्या खोलीच्या दारावर लावलेला असे. त्यावर लोक नावं लिहीत, दुसऱ्यांची खोडत, आणि खोडल्याबद्दल वर्षानुवर्षं एकमेकांना नमस्कार करत नसत. तीन वर्षांपूर्वी ओस्मोने एक व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घेतला आणि त्यावर सोसायटीचं पान सुरू केलं. घरबसल्या सौनाची वेळ घ्या, धुण्याचं मशीन घ्या. इतकंच नव्हे, तर सौनाच्या विजेच्या चुलीला त्याने एक डबी जोडली. तुमच्या वेळेच्या आधी चूल आपोआप तापायची आणि वेळ संपली की आपोआप विझायची.

"पण हा सर्व्हर आहे कुठे?" चेअरमन आयली मोनोनेनने तेव्हा सोसायटीच्या कॉफीला विचारलं होतं.

"दक्षिणेत कुठेतरी मोठी इमारत आहे," ओस्मो दालचिनीचा पाव कॉफीत बुडवत म्हणाला होता. "त्यात हजारो मशीनं. त्यातल्या एका मशीनमधली एक खोली आपली. खोलीला भिंती नाहीत, खिडकी नाही. पण किल्ली आपली, झाडलोट आपली."

बायका या वाक्यावर खूश झाल्या होत्या. रायमोची बायको हिल्कासुद्धा. रायमोने छत्तीस वर्षं नगरपालिकेच्या पाणी खात्यात नळांचे नकाशे काढले होते. जमिनीखालचं न दिसणारं जाळं हा त्याचा प्रांत. आणि ओस्मो कोण, तर शाळेतला व्यायामशिक्षक! जन्मभर पोरांना दोरावर चढवणारा माणूस सर्व्हर चालवतो, आणि नकाशेवाला माणूस त्याची कॉफी ओततो. हा काय न्याय झाला?

आणि त्या पानाच्या तळाशी तो आकडा असायचा. 'सर्व्हर अखंड चालू : ११०४ दिवस.' शुक्रवार सातची वेळ पक्की करायला रायमो पान उघडी, तेव्हा तो आकडा मागच्या खेपेपेक्षा सातने वाढलेला असे. रायमोच्या आयुष्यात वजनाखेरीज एवढ्या इमानाने वाढणारं दुसरं काही नव्हतं.

"एकदाही बंद पडला नाही रे," हिल्का दर शुक्रवारी टॉवेल घेता घेता म्हणायची. "आपलं भांडी धुण्याचं मशीन बघ. ओस्मोला विचार की जरा."

भांडी धुण्याचं मशीन रायमोने दुरुस्त केलेलं होतं.

ऑक्टोबरअखेर कार्यकारिणीची सभा झाली. कार्यकारिणीत माणसं पाच. त्यात एक अध्यक्ष, एक चिटणीस आणि इतिवृत्त तपासणारे दोघे, म्हणजे सभा म्हणून उरला एकटा रायमो. विषय क्रमांक सहामध्ये ओस्मोला सोसायटीची मानाची पताका क्रमांक एक देण्यात आली. टेबलावर ठेवायची, वीतभर रेशमी पताका, खाली लाकडी बैठक, बैठकीवर पितळी पट्टी. त्यावर नाव कोरलेलं. विषय क्रमांक सातमध्ये ओस्मोने सांगितलं, की तो मार्चपर्यंत स्पेनला राहणार आहे. गुडघ्यांना ऊन हवं आहे. तर सर्व्हरकडे कोण बघणार?

"मी," रायमो म्हणाला. पताकेवरची नजर न काढता म्हणाला.

"तू?" ओस्मोने विचारलं.

"छत्तीस वर्षं गावाचं पाणी मी सांभाळलं. तुझी एक बिनभिंतीची खोली सांभाळता येणार नाही मला?"

ठराव पास झाला. जिन्यात रायमोने आयलीला सहज म्हणून विचारलं, "पताका क्रमांक दोन कधी देतात?" "कुणी काही केलं की," आयली म्हणाली. रायमोला तेवढं पुरेसं होतं. मार्चच्या वार्षिक सभेत क्रमांक दोन आपल्या टेबलावर यायलाच हवा, हे त्याने तिथे जिन्यातच ठरवून टाकलं.

जाताना ओस्मोने पासवर्ड आणि सूचनांचा कागद दिला. सूचना तीन होत्या. एक, काही करू नकोस. दोन, काही करावंसं वाटलं तर सूचना एक वाच. तीन, तरीही केलंस तर आधी बॅकअप घे. रायमोला हा शुद्ध अपमान वाटला. त्याने कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर जरा जोरात लावला.

दोन आठवडे त्याने खरंच काही केलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तो सर्व्हरमध्ये शिरला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. त्याने आत-बाहेर करणाऱ्यांची नोंदवही उघडली. जगभरातून कुणीकुणी आत शिरायचा प्रयत्न करत होतं. दर चार सेकंदाला एक! कुणी 'अॅडमिन' म्हणून दार वाजवतोय, कुणी 'टेस्ट' म्हणून. एक पठ्ठ्या तर साओ पावलोहून 'ओस्मो' म्हणून दार वाजवत होता. रायमोने वही वरपासून खालपर्यंत दोनदा चाळली. 'रायमो' म्हणून एकानेही प्रयत्न केला नव्हता. चोरांनासुद्धा ओस्मोचंच नाव ठाऊक असावं, हे त्याला फार लागलं.

तेव्हा त्याने दारावर पहारेकरी बसवला. म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम. कुणी तीनदा चुकीचा पासवर्ड दिला, की त्या पत्त्यावरून येणाऱ्या कुणालाही महिनाभर आत सोडायचं नाही. ना सर्व्हरच्या दारातून, ना पानावर. पहारेकरी बसवल्यावर तो समाधानाने बाहेर आला, कॉफी प्याला, आणि पहारा चोख आहे ना हे बघायला परत आत जायला निघाला. उत्साहात पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा त्याने आधीच चिडून बोटं आपटली.

पहारा चोख होता.

आता गंमत अशी, की सोसायटीचं इंटरनेट सगळ्यांचं मिळून एकच. आत घरं चोवीस, पण बाहेरच्या जगाला पत्ता एकच दिसतो. त्यामुळे पहारेकऱ्याने एकट्या रायमोला नव्हे, अख्ख्या इमारतीला दाराबाहेर काढलं. तासाभरात दारावर आयली उभी.

"रायमो, पान उघडत नाहीये."

"काम चालू आहे," रायमो म्हणाला.

"ओस्मो असताना काम कधी चालू नसायचं."

हे वाक्य पुढच्या चार दिवसांत त्याने अकरा जणांकडून ऐकलं. मग कुणाला तरी शोध लागला, की पान कचऱ्याच्या शेडपाशी उघडतं. कारण साधं होतं. इमारतीचं वायफाय शेडपर्यंत पोचायचं नाही, म्हणून तिथे फोन आपल्या कंपनीचं नेट धरायचा. पण हे कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. रायमो गप्प राहिला. आणि उणे एकवीस अंशात, सात प्रकारच्या कचऱ्याच्या सात पिंपांच्या गराड्यात, सोसायटीतले सभ्य लोक हातमोजा काढून सौनाची वेळ घेऊ लागले.

सल्ल्यांचा तर पाऊस पडला. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, बंद करून चालू कर. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, चुकूनही बंद करू नकोस. तळमजल्यावरचा एमेली शहाऐंशी वर्षांचा. तो पूर्वी तलावातून ओंडके वाहून न्यायचा. आमच्या सावो भागात बोलणारा फक्त बोलतो, अर्थाची जबाबदारी ऐकणाऱ्यावर असते; आणि एमेली तर सावोतलाही सावो.

"तसं बघायला गेलं तर," एमेली पिंपाला टेकून म्हणाला, "पेन्सिल असते."

"म्हणजे?" रायमोने विचारलं.

"असते, किंवा नसतेही," एमेली म्हणाला आणि आत गेला.

रायमोने सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं : 'प्रिय ग्राहक, आपला सर्व्हर स्वव्यवस्थापित प्रकारचा आहे. व्यवस्थापन आपण करता. आमच्या सेवेबद्दल आपलं समाधान एक ते पाच अंकांत कळवावं.' शेवटी रायमो स्वतःच लॅपटॉप घेऊन शेडमध्ये गेला, पुठ्ठ्याच्या पिंपावर तो ठेवला, फोनच्या नेटवरून आत शिरला आणि पहारेकऱ्याला इमारतीवरची बंदी उठवायला लावली. तेवढ्यात पडद्यावर ओळ आली, की बहात्तर अपडेट शिल्लक आहेत. बोटं गारठलेली, डोकंही गारठलेलं. त्याने 'हो' म्हटलं. सर्व्हर म्हणाला, आता मला एकदा बंद करून चालू करा. तो त्यालाही 'हो' म्हणाला.

आणि मग त्याला आकडा आठवला.

अकराशे एकतीस दिवस! ओस्मोने तीन वर्षं जपलेले, आणि यानं पुठ्ठ्याच्या पिंपावर एका बोटाने पुसले. घरी येऊन तो खुर्चीत बसला. पान उघडायची हिंमत होईना. तळाशी 'शून्य दिवस' असणार. आयली बघणार, हिल्का बघणार. पताका तर गेलीच, पण हिल्का 'अरेरे' म्हणणार, आणि तिचं 'अरेरे' रायमोला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

माणूस मत्सराने जेवढा खाली घसरतो त्याच्या दुप्पट भीतीने घसरतो. रायमोने ठरवलं, कुणी बघायच्या आत आकडा हाताने लिहून टाकायचा. त्याने पानाची फाइल उघडली, आकड्याची ओळ शोधली, आणि ती वाचून तो खुर्चीतून उठलाच.

त्या ओळीचा आणि सर्व्हरच्या चालू-बंद असण्याचा काही संबंध नव्हता. अमुक तारखेपासून आज किती दिवस झाले, एवढंच ती मोजत होती. सर्व्हर जळून खाक झाला असता तरी ती मोजतच राहिली असती. वर ओस्मोने स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती : 'खरा आकडा लावू नये.' रायमोने सर्व्हरची जुनी नोंद काढली. तीन वर्षांत एकतीस वेळा बंद-चालू!

असा आनंद रायमोला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. तो स्वयंपाकघरात धावला.

"हिल्का! ओस्मो लबाड आहे! आकडा खोटा आहे! बनावट!"

हिल्काने नीट ऐकून घेतलं. राईची भाकरी कापत म्हणाली, "बरं. पण तू ती फाइल कशाला उघडली होतीस?"

रायमो उभा राहिला. मग बसला. हत्यार तर जबरदस्त हाती लागलं होतं, पण त्याची मूठ दोन्हीकडून धारदार होती. ओस्मोची लबाडी सभेत सांगायची, तर पहिला प्रश्न हाच येणार होता.

यातून मार्ग एकच दिसला : स्वतःचा सर्व्हर, आणि त्यावर खरा आकडा. सहा डिसेंबरला सगळं गाव खिडकीत दोन मेणबत्त्या लावून स्वातंत्र्यदिन पाळत होतं, तेव्हा रायमोने दुसऱ्या कंपनीकडून नवी खोली भाड्याने घेऊन सोसायटीचं पान तिकडे हलवलं आणि चुलीची डबीही त्यालाच जोडली. तळाशी लिहिलं : 'खरोखर अखंड चालू : ० दिवस.' 'खरोखर' हा शब्द त्याने ठळक केला. दुसऱ्या दिवशी १ झाला. तिसऱ्या दिवशी २. लहान लेकराचे दात मोजावेत तसा तो रोज सकाळी उठून आकडा बघू लागला.

फक्त चूल दोन तास उशिरा तापायला लागली.

कारण नव्या सर्व्हरचं घड्याळ लंडनच्या वेळेवर होतं, म्हणजे आपल्या दोन तास मागे. सर्व्हरचे सात वाजेपर्यंत कुओपिओत नऊ वाजलेले. रायमोने कंपनीला लिहिलं. उत्तर आलं : घड्याळ बदला आणि सर्व्हर बंद करून चालू करा.

बंद करून? म्हणजे पुन्हा शून्य? आज आकडा चार होता! रायमोने विचार केला, की एका यंत्राचं घड्याळ बदलण्यापेक्षा चोवीस बिऱ्हाडांनी थोडं जुळवून घेणं जास्त सोपं आहे. त्याने धुण्याच्या खोलीच्या दारावर कागद लावला : 'सात वाजता सौना हवा असेल तर पाच वाजताची वेळ घ्यावी. सर्वांनी दोन तास वजा करावेत. सहकार्याबद्दल आभार.'

"आणि हे कधीपर्यंत?" आयलीने विचारलं.

"सध्यापुरतं."

"ओस्मो असताना वजाबाकी नव्हती."

पण माणसं सोशिक. सौनासाठी माणूस वजाबाकीही शिकतो. दहा दिवसांत सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. आणि नेमकं तेव्हा, तेवीस तारखेला, रायमोला झकास युक्ती सुचली. सर्व्हर बंद न करता प्रोग्रॅममध्येच दोन तास वजा केले तर? लोकांना त्रास नको, आकडाही शाबूत. नाताळची भेट! त्याने तसं केलं, आकडा बघितला, सतरा. आणि तो गुणगुणत हॅम ओव्हनमध्ये ठेवायला गेला. दारावरचा कागद मात्र काढायचा राहिला.

चोवीस तारखेच्या सकाळी तांदळाच्या खिरीतला एकुलता बदाम, ज्याला मिळेल त्याचं नशीब उघडतं तो, हिल्काच्या वाटीत गेला, तेव्हाच रायमोने ओळखायला हवं होतं. बारा वाजता टीव्हीवर नाताळची शांती जाहीर झाली आणि ती मोडणाऱ्याला कडक शासन होईल हेही वाचून दाखवलं. मग सगळी सोसायटी कबरींवर मेणबत्त्या लावायला गेली. परत आल्यावर सौना, सौनानंतर जेवण. नाताळचा सौना चुकला तर पुढचं वर्षच नाही. पहिली वेळ आयलीची, दोनची. कागदात सांगितल्याप्रमाणे तिने बाराची घेतली होती. दोन तास तिने वजा केले होते, आणि दोन तास प्रोग्रॅमनेही वजा केले. लोक दफनभूमीत होते तेव्हा रिकामी चूल लालबुंद तापली आणि सगळ्यांची वाट बघून विझत गेली.

अडीच वाजता जिन्यातून हाक आली. "रायमो!"

तळघरात आयली, तिची दोन मुलं, सुना, सगळी बाथरोबमध्ये उभी. मागच्या वेळांची मंडळीही सौनात अंगावर झोडायच्या बर्चच्या डहाळ्या घेऊन येऊन ठेपलेली. आयलीने डावभर पाणी चुलीच्या दगडांवर टाकलं. वाफ आली नाही. पाणी दगडांवरून खाली ठिबकलं, आणि ते ठिबकणं सगळ्यांनी ऐकलं.

"हाताचं बटण आहे," एमेली मागून म्हणाला. "मीटरच्या पेटीमागे." त्याने ते दाबलं. चूल गुरगुरली. क्षणभराने रायमोची डबी टक् करून वाजली आणि चूल विझली. एमेलीने पुन्हा दाबलं. टक्. पहिल्या वेळेला कुणी दारच उघडलं नाही, म्हणून डबीने पुढच्या सगळ्या वेळाही रद्द धरल्या होत्या; तिच्या मते आता कुणाचीच वेळ नव्हती.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात. रायमोने पेटीमागच्या कोपऱ्यात जाऊन स्पेनला फोन लावला. मागे समुद्राचा आवाज येत होता.

"ओस्मो, डबी चूल सोडत नाहीये."

"सर्व्हर बंद कर. डबीला हुकूम मिळेनासा झाला, की हाताचं बटण चालतं," ओस्मो म्हणाला.

"बंद करू? माझे अठरा दिवस झालेत!"

"अरे, अठरा दिवसांचं काय घेऊन बसलास?"

आणि रायमोच्या तोंडून निसटलं. "माझे खरे आहेत! तुझे अकराशे खोटे होते! फाइलमध्ये ओळ आहे, मी स्वतः बघितली!"

मग ओस्मो हळू म्हणाला, "तू ती ओळ कशाला उघडली होतीस, रायमो?"

ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार! "हाताने आकडा लिहायला," रायमो म्हणाला. "माझ्याकडून बंद पडला होता. आणि मला तुझा हेवा वाटतो. होडीचा, शनिवारचा, पताकेचा. सगळ्याचा वाटतो."

"माझा?" ओस्मो म्हणाला. "अरे, इमारतीत नळ गळला, मशीन अडलं, की एकोणीस वर्षं सगळे तुझं दार वाजवतात. मी आतून बघायचो. माझं दार कोण वाजवणार, कोलांटी शिकवा म्हणून? म्हणून तर तो सर्व्हर केला. आणि तो पहिल्याच महिन्यात बंद पडला. काय करणार होतो मी?"

"रायमो!" आयलीचा आवाज आला. "मुलं गारठलीत!"

रायमोने बाकावर लॅपटॉप उघडला. अठरा. खरेखुरे, एकाही लबाडीशिवाय मिळवलेले अठरा दिवस. त्याने सर्व्हर बंद केला. एमेलीने बटण दाबलं, चूल गुरगुरली आणि गुरगुरतच राहिली. मग एमेलीने बाथरोबच्या खिशातून कागद काढला, दारावरच्या 'वजा करावेत'वर चिकटवला आणि त्याला दोरीने एक पेन्सिल बांधली. साडेतीनला आयली तापलेल्या सौनात गेली, आणि शेवटचं बिऱ्हाड रात्री दहाला बाहेर पडलं. नाताळ झाला.

त्यानंतर पान पुन्हा सुरू करायचं कुणीच नाव काढलं नाही. लोक कागदावर लिहू लागले, जुनी खाडाखोड सुरू झाली, जुनी भांडणंही. एकवीस मार्चला वार्षिक सभा भरली. ओस्मो तांबूस होऊन परतला होता आणि रायमोशेजारी बसला होता. रायमोने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आशा ही चीज माणसाला शेवटपर्यंत इस्त्री करायला लावते.

"विषय नऊ," आयली म्हणाली. "मानाची पताका क्रमांक दोन. एमेलीला. पेन्सिलीबद्दल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तसा कडकडाट क्रमांक एकला झाला नव्हता, हे ओस्मोच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

त्या संध्याकाळी शनिवार सहाला, पहिल्यांदाच, ओस्मोने रायमोला आपल्या वेळेत सौनाला बोलावलं. दोघे वरच्या फळीवर घाम गाळत बसले.

"पेन्सिल!" शेवटी ओस्मो म्हणाला. "त्यात काय आहे? दोरी बांधली, झालं."

"तीही नीट बांधलेली नाही," रायमो म्हणाला. "गाठ बघितलीस? पाणी खात्यात अशी गाठ बांधली असती तर घरी पाठवलं असतं."

"आणि कागदाच्या खाली काय लिहितो ते वाचलंस?"

रायमोने वाचलं होतं. रोज वाचत होता. एमेली रोज सकाळी जुना आकडा खोडून नवा लिहायचा. आज तिथे होतं : 'पेन्सिल अखंड चालू : ८७ दिवस.'

ओस्मोने दगडांवर डावभर पाणी टाकलं. वाफ उठली, दोघांनी माना खाली घातल्या.

"रायमो," वाफेतून ओस्मोचा आवाज आला, "मला एक सांग. टोक मोडलं आणि टोक करायला नेली, तर तेवढा वेळ ती बंद धरायची ना?"

"धरायलाच हवी," रायमो म्हणाला, आणि टॉवेल गुंडाळून हळूच खाली उतरून पेन्सिलीच्या दाराकडे निघाला.